धर्मादायाचे खाते

टेंभी नाक्याच्या आसपास जो कोणी चार-दोन वर्षे राहिला असेल, त्यास दानाचे माहात्म्य समजावून सांगण्यास पुराणिकबुवांची आवश्यकता नाही. ठाण्याच्या या जुन्या भागात थोडक्या अंतरात पारशांची अग्यारी आहे, जैनांचे देरासर आहे, आणि बेने इस्रायल मंडळींनी १८७९ साली स्थापन केलेले ‘शआर हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर आहे. आनंद दिघे यांनी सुरू केलेला देवीचा नवरात्रोत्सवही याच नाक्यावर होतो, व त्या नऊ दिवसांत येथील रस्ता वाहनांचा न राहता माणसांचा होतो. अशा गोष्टी सरकारी खजिन्यातून उभ्या राहत नसतात. कोणी पैसा देतो, कोणी चुना-विटा देतो, कोणी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडतो, आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसते तो रांगेत उभा राहून पुण्य जोडतो.

याच नाक्यापासून हाकेच्या अंतरावर जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय. त्याचे पूर्ण नाव विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय. परंतु ठाण्याचा माणूस त्यास ‘सिव्हिल’ म्हणतो, आणि ज्या दानशूर गृहस्थांचे नाव त्या वास्तूस दिले गेले ते कोण, कुठले, त्यांनी काय दिले, हे केसपेपर हाती धरून उभ्या असलेल्या शंभरांत एकासही बहुधा सांगता येणार नाही. आमच्या मते हे दात्याचे भाग्यच होय. दानाचा हेतू इतका तडीस गेला की दात्याची आठवण ठेवण्याचेही कोणास कारण उरले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे दानाचा एक निराळाच प्रकार आमच्या नित्य पाहण्यात येऊ लागला आहे. रुग्णवाहिकेच्या पाठीवर, बागेतील बाकावर, शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारावर, मुलांच्या दप्तरांवर कंपन्यांची नावे दिसतात व त्यांखाली ‘सामाजिक उत्तरदायित्व निधीतून’ अशी ओळ असते. बोलण्यात मात्र कोणीही हा शब्द वापरीत नाही. शिपायापासून सचिवापर्यंत सर्वजण ‘सीएसआर’ म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही अशी एक पाणपोई पाहिली की तिच्या फलकाने भिंतीचा दोन-तृतीयांश भाग व्यापला होता आणि नळ एकच होता. तहानलेल्या माणसास नळ शोधावा लागे. फलक त्यास आपण होऊन सापडे. तथापि पाणी थंड होते, हेही सांगितले पाहिजे.

या प्रकाराचे मूळ २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमात आहे. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेकडा दोन इतकी रक्कम लोकोपयोगी कामांकडे लावावी, असे या कलमाने ठरविले व १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. कायद्याने सक्तीचा आकडाच ठरवून टाकणारे देश जगात थोडे आहेत. प्रथम कायद्याचा स्वर सौम्य होता. खर्च न केल्यास कारण सांगावे, एवढेच मागणे होते. पुढे २०१९ साली चुकारांस तुरुंगात धाडण्याची तरतूद झाली, त्यावर उद्योगपतींत एकच ओरड झाली, आणि शेवटी २०२१ मध्ये तुरुंग वगळून दंड कायम झाला. न खर्चिलेली रक्कम ठरावीक मुदतीत निराळ्या निधीत वा खात्यात भरावी लागू लागली. २०२२-२३ या वर्षी देशभर अशा कामांवर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले, व त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खास नाही.

आमचे एक स्नेही हिशेबतपासनीस आहेत. त्यांचे या कलमाविषयी मत एका म्हणीत मावते: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. कंपनी भागधारकांची, संचालक हे त्यांचे मुनीम. मुनिमाने धन्याच्या पेटीतून दानधर्म करावा व टाळ्या आपण घ्याव्या, यात कसले आले आहे उत्तरदायित्व? ज्यास दान करावयाचे असेल त्याने लाभांश घरी नेऊन आपल्या हाताने करावे. अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लेखात हाच पक्ष मोठ्या हिरिरीने मांडला होता: कायदा व प्रामाणिकपणा पाळून नफा वाढविणे एवढीच धंद्याची सामाजिक जबाबदारी होय, आणि याहून अधिक जे संचालक करू पाहतात ते दुसऱ्याच्या पैशावर उदार होतात. या मताची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु त्यातील ‘कायदा व प्रामाणिकपणा पाळून’ ही अट चेष्टा करणारेही विसरतात आणि पुष्कळदा त्याचे अनुयायीही विसरतात.

आम्ही आमच्या स्नेह्यांस एवढेच विचारले की, कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द असतो, तो कोणी दिला? पूर्वी भागीदारीची पेढी बुडाली म्हणजे सावकार भागीदाराच्या घरातील तांब्या-पितळेपर्यंत येत असे. कंपनीच्या भागधारकाचे तसे नाही. कंपनी बुडो, तिची देणी समुद्राएवढी असोत, त्याचे फार तर भागांचे पैसे जातात. घर, दागिने, ठेवी यांना कोणी हात लावू शकत नाही. हे कवच बाजाराने दिलेले नव्हे, समाजाने कायदा करून दिलेले आहे. जबाबदारी मर्यादित आहे असे नावातच लिहिण्याची ज्यास मुभा मिळाली, त्याच्यापाशी समाजाने शेकडा दोन मागितले तर ते तुळशीपत्र हलवायाच्या घरावर आहे असे म्हणता येईल काय? स्नेही हसून म्हणाले, “अहो, मग हे भाडे म्हणा, पुण्य म्हणू नका.” हा शब्द आम्हांस पटला.

जांभळी नाक्याकडे भुसार मालाची एक जुनी दुकानदारी आहे. तेथील शेटजींपाशी आम्ही ही चर्चा काढली तेव्हा ते म्हणाले, यात नवे काय आहे? पूर्वी बिलातच धर्मादाय लावीत. मालाच्या किमतीवर अमुक इतके पैसे अधिक घ्यावयाचे, ते रोजमेळात निराळे मांडावयाचे, खतावणीत ‘धर्मादाय’ नावाचे खाते उघडून तेथे जमा करावयाचे, आणि वर्षाअखेर त्यातून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा यांस द्यावयाचे. पैसा गिऱ्हाइकाचा, हात व्यापाऱ्याचा. त्या पैशास स्वतःच्या धंद्यात फिरविणे हे पाप मानले जाई. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने या रिवाजास ५४ व्या कलमात जागा दिली व धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा हा विश्वस्त निधी ठरवून त्याचा हिशेब मागितला. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मानले. अर्थात सारेच व्यापारी हरिश्चंद्राचे अवतार नव्हते, आणि हे खाते कोठे कोठे कसे आटत असे याच्या कथा शेटजींनीच आम्हांस रंगवून सांगितल्या. परंतु जाता जाता ते जे बोलले ते आम्ही विसरलो नाही. “धर्मादाय नंतरचा. आधी काटा बरोबर पाहिजे. काटा मारून धर्मादाय भरला तर तो भरला कोणी? ज्याचा काटा मारला त्याने.”

नव्या कायद्यास काट्याचे काही विचारता येत नाही, ही त्याची खरी अडचण. कंपनीच्या नित्य व्यवहारात जे येते ते या खर्चात धरावयाचे नाही, केवळ स्वतःच्या नोकरांच्या हिताचे जे असेल तेही धरावयाचे नाही, असे नियम आहेत, व ते असणे योग्यच आहे; नाही तर आपल्याच कामगारांस चहा पाजून कोणी समाजसेवेची पावती फाडली असती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, हा प्रश्न मोठ्या निकडीने पुढे आला. काम बंद, परंतु पगार चालू. तेव्हा हा पगार शेकडा दोनांत धरावा काय, असे कंपन्यांनी विचारले. सरकारी खात्याने उत्तर दिले की, एरवीचा पगार हे कराराचे व कायद्याचे बंधन, आणि टाळेबंदीतील पगार हे मालकाचे नैतिक कर्तव्य. सबब तो यात धरता येणार नाही. उत्तर निर्दोष होते. त्याच पत्रकात असेही होते की पंतप्रधानांच्या नव्या निधीस दिलेले दान चालेल, मुख्यमंत्री सहायता निधीस दिलेले चालणार नाही. त्यावरून महाराष्ट्रात पुष्कळ वादंग झाले, व त्या गदारोळात पगाराचे वाक्य कोणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. आमच्या मते त्या पत्रकातील मोलाचे वाक्य तेच होते. जे देणे लागतो ते दिल्याने दान होत नाही, हे एका सरकारी कागदाने स्वच्छ शब्दांत सांगितले. परंतु ते देणे दिले की नाही, याची पाटी कोणत्या भिंतीवर लावतात?

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ते एका कापडाच्या कारखान्यात होते. कारखान्याचे नाव आम्ही सांगत नाही. ज्यांस कळावयाचे त्यांस कळण्याची आवश्यकताही नाही, कारण अशी हकीकत एकाच कारखान्याची नव्हे. तो कारखाना बंद पडला. ग्रॅच्युइटी येणे राहिली, रजेचा पगार येणे राहिला. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी असे घातले होते. या गृहस्थांनी कोर्टाच्या तारखांत महिने मोजण्याचे सोडून पावसाळे मोजण्यास आरंभ केला. ज्या घराण्याचा तो कारखाना, त्या घराण्याच्या इतर कंपन्या उत्तम चालल्या आहेत. त्यांतील एका कंपनीने मागे पालिकेच्या शाळांतून दप्तरे वाटली. या गृहस्थांच्या नातीस त्यांतले एक मिळाले.

कायद्याच्या दृष्टीने यात काहीएक गैर नाही, हे आमच्या हिशेबतपासनीस स्नेह्यांनी आम्हांस दोनदा समजावून दिले. बंद पडलेली कंपनी ही एक व्यक्ती, चालू कंपनी ही दुसरी व्यक्ती. पहिलीस नफा नाही, म्हणून तिच्यावर दानाचे बंधन नाही. दुसरीवर कर्ज नाही, म्हणून तिने दान केले ते निष्कलंक. मधली भिंत ‘लिमिटेड’ या शब्दाची आहे. एका घरात दोन चुली असाव्या, एकीवर उधारी थकलेली असावी आणि दुसरीवर अन्नछत्र चालावे, व वाण्याने उधारी मागितल्यास ‘ती चूल विझली’ असे उत्तर मिळावे, असा हा प्रकार होय.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो असता ते दप्तर खुंटीस होते. यांच्या मनात केवढा संताप असेल, अशा समजुतीने आम्ही काही बोलावयास गेलो. त्यांनी दप्तर खाली काढले, उलटे केले, शिवणीवरून अंगठा फिरविला, कापड दोन बोटांत धरून ओढून पाहिले आणि म्हणाले, “माल चांगला आहे. शिवण दुहेरी आहे. टिकेल.” नात शेजारी बसून अभ्यास करीत होती. तिने दप्तरावरील नावास कागदाची चित्रे चिकटविली होती. ती आजोबांच्या सांगण्यावरून की आपल्या हौसेने, हे विचारण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

अशा माणसांची संख्या ठाणे जिल्ह्यात लहान नाही. कल्याणनजीक मोहने येथे १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना होता; त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली, शाळा आली, दवाखाना आला. २००९ मध्ये तो बंद पडला, आणि हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांतून फिरत राहिला. कंपनीची वसाहत म्हणजे घर, पाणी, शाळा सारे एकाच धन्याचे. कारखान्याचा भोंगा थांबतो तेव्हा हे सारे एकाच दिवशी लटपटू लागते. २०१६ च्या दिवाळखोरीच्या संहितेत, कंपनी मोडीत निघाल्यास कामगारांच्या अखेरच्या २४ महिन्यांच्या देण्यास तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीची जागा दिली आहे. ऐकावयास हे ठीक वाटते. परंतु कारखाना बंद पडणे आणि कंपनी मोडीत निघणे यांमध्ये किती वर्षे जातात, हे ज्याने पाहिले आहे त्यास त्या २४ महिन्यांचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

याच २००९ साली ठाण्यातील रेमंडची लोकरी कापडाची गिरणीही बंद झाली. १९४४ पासून ती सिंघानिया घराण्याकडे होती. गिरणीच्या आवारात १९६९ साली सुरू झालेली शाळा मात्र चालू राहिली व ठाण्यातील नामांकित शाळांत तिची गणना होते. गिरणीच्या जमिनीवर पुढे उंच इमारती उठल्या. या रस्त्याने जाताना आम्हांस नेहमी एक गोष्ट खटकते आणि एक समाधान वाटते. गिरणीच्या यंत्रांवर ज्यांनी आयुष्य काढले त्यांचे नाव घेणारी एकही वस्तू तेथे नजरेस पडत नाही, ही खटकणारी गोष्ट. आणि मालाचा धंदा गेला तरी विद्येचा व्यवहार राहिला, हे समाधान. धंदा हा मर्त्य आहे. त्याने आपल्या भरभराटीच्या दिवसांत स्वतःहून वेगळे असे काही रोवून ठेवले असेल तर तेच मागे उरते. तेव्हा दानाची ही बाजू आम्ही नाकारीत नाही.

वस्तुतः याविषयी आपल्याकडे जुने आणि सुस्पष्ट दाखले आहेत. नागपुरास जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड उभारला गेला, १८९५ साली अपघातात सापडलेल्यास भरपाई मिळू लागली. सरकारने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला तो १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनी. या कामाला कोणी ‘सामाजिक उत्तरदायित्व’ म्हटले नाही, व आजच्या नियमाने ते शेकडा दोनांत बसलेही नसते, कारण ते स्वतःच्याच कामगारांसाठी होते! आमच्या मते जे त्या हिशेबात बसत नाही तेच त्या घराण्याचे श्रेष्ठ काम.

आणि याच घराण्याच्या खात्यावर मुळशीही आहे. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी होती. मावळ्यास त्याचे भाताचे खाचर हवे होते. पैसे घ्या, असे त्यास सांगण्यात आले. पण तो पैसे मागतच नव्हता. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. पुढे टाटांच्या न्यासांनी किती रुग्णालये व किती विद्यालये उभी केली याची गणना करीत बसलो तर पाने पुरणार नाहीत, आणि ती कीर्ती खरी आहे. परंतु त्यांतील कोणत्याही इमारतीची रक्कम मुळशीच्या खात्यावर जमा दाखविता येत नाही. जमाखर्चाचा साधा नियम असा की ज्याचे देणे, त्याच्याच नावे ते फेडले पाहिजे. शेजाऱ्यास दिलेले रुपये सावकाराच्या खतात वळते होत नाहीत.

येथे कोणी आम्हांस जमशेटजी जीजीभाई यांचे उदाहरण देईल. त्यांची संपत्ती चीनशी चालणाऱ्या व्यापारातून आली व त्या व्यापारात अफू हा मोठा जिन्नस होता. त्यांच्या दानातून १८४५ साली भायखळ्यास रुग्णालय झाले. ज्या चिनी घरांत ती अफू गेली त्यांचा हिशेब कोण मांडणार? आणि समजा मांडला, म्हणून जे. जे. रुग्णालयातील रोग्याने खाट सोडावी काय? आमच्या शेजारच्या ‘सिव्हिल’समोर रात्री-अपरात्री रिक्षातून उतरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ज्याच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल आहे त्यास पैशाचा उगम पुसण्यास सांगणे हे केवळ पोटभऱ्याचे तत्त्वज्ञान होय. रोग्याने विचारू नये. परंतु म्हणून कोणीच विचारू नये, हे त्यावरून निघत नाही. दान घेणारा व दानाकडे पाहणारा यांची कर्तव्ये वेगळी आहेत. आम्ही व आमचे बहुतेक वाचक हे पाहणाऱ्यांत मोडतो.

डोंबिवलीकरांस तर हे सांगावयासच नको. २६ मे २०१६ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे प्राणास मुकली व दूरवरच्या घरांची तावदाने फुटली. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीतील दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा तसाच भयंकर स्फोट झाला. अशा कारखान्यांतील पुष्कळ इतके लहान असतात की शेकडा दोनांचे कलम त्यांस लागतही नाही. तेथे दानाचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील उत्तरदायित्व म्हणजे टाकीवरील झडप वेळेवर तपासणे व कोणते रसायन किती साठविले आहे ते अग्निशामक दलास ठाऊक असणे. या कामाचे छायाचित्र निघत नाही.

हिशेबतपासनीस स्नेह्यांपाशी आम्ही एके दिवशी अशी सूचना मांडली की, कंपनीच्या वार्षिक अहवालात ज्या पानावर दानाचा आकडा छापतात त्याच पानावर थकलेल्या देण्यांचाही आकडा छापावा. ते म्हणाले, “निम्मे काम झालेले आहे.” २०२० च्या आदेशाप्रमाणे लेखापरीक्षकाने आपल्या अहवालासोबतच्या परिशिष्टात हे लिहावे लागते की प्रॉव्हिडंट फंड, राज्य विमा इत्यादी निर्विवाद देणी सहा महिन्यांहून अधिक काळ थकली आहेत काय. सातवे कलम, बारीक टाइप. दानाच्या पानावर हसऱ्या मुलांची रंगीत चित्रे असतात, या पानावर नसतात, एवढाच फरक. परंतु कामगाराच्या हाती थेट द्यावयाची ग्रॅच्युइटी त्या कलमात येत नाही, आणि घराण्याच्या बंद पडलेल्या कंपनीची थकबाकी चालू कंपनीच्या पुस्तकात मुळीच दिसत नाही. ती विचारावी लागते.

विचारणार कोण? या प्रश्नाशी येऊन आमचा व स्नेह्यांचा हलवाई एकच निघाला. कंपनीचे भागधारक म्हणजे कोणी दूरचे कुबेर नव्हेत. भविष्यासाठी चार पैसे बाजूस टाकणारी, दरमहा म्युच्युअल फंडाचा हप्ता भरणारी, मुलीच्या नावे पाच-पन्नास भाग घेऊन ठेवणारी आपल्यासारखी कुटुंबेच ती. तुळशीपत्र ज्या घरावर ठेवले जाते ते घर आपले असेल, तर ज्या काट्याने माल तोलला तो काटाही काही अंशी आपलाच. ज्याच्या नावावर एक भाग आहे त्यासही वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याची मुभा आहे. हल्ली पुष्कळ सभा घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, व प्रश्नकर्त्याने आपले नाव आगाऊ नोंदवावे लागते, एवढेच.

ज्या कंपनीने दप्तरे वाटली तिचे थोडे भाग आमच्या घरी आहेत, वडिलांनी घेतलेले. प्रश्नाचा मसुदा स्नेह्यांनी केला. तो चार ओळींचा आहे. त्यात दप्तरांबद्दल आभार मानले आहेत, आणि मग विचारले आहे की, याच घराण्याच्या बंद कारखान्यातील किती कामगारांची ग्रॅच्युइटी अद्याप देणे आहे, व ती रक्कम दानावर झालेल्या एका वर्षाच्या खर्चाहून मोठी आहे की लहान. पहिल्या मसुद्यात ‘लाजिरवाणी’ असा एक शब्द आम्ही घातला होता. तो स्नेह्यांनी काढावयास लावला. त्या वृद्ध गृहस्थांस मसुदा वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी कामगारांचा आकडा आपल्या संघटनेच्या वहीवरून तपासून देतो, असे सांगितले व दुसऱ्या दिवशी आणून दिला. सभा सप्टेंबरअखेरीच्या आत व्हावयाची आहे.